मी म्हणजे दादा

शिंपीणबाईंचा निरोप फोनवर आला, लेखी. त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यांच्या निरोपात इकडचं तिकडचं कधी नसतं. "ताई, बहिऱ्यांच्या ग्रुपला दहा वर्षं होतात. पुस्तिका काढतोय. ग्रुप कसा सुरू झाला त्यावर दोन पानं लिहून द्या. तेव्हाच्या ऐकणाऱ्या माणसांपैकी आता तुम्ही आणि मास्तरच आहात. पुढच्या रविवारी चारला कार्यक्रम आहे, मास्तरांनाही बोलावलंय. दुभाषी बाहेरून आणतोय, तुम्हाला त्रास नको."

शेवटचं वाक्य वाचून माझी पाचावर धारण बसली. त्रास नको म्हणे. त्रास काय असतो ते त्यांना पुढच्या रविवारी चार वाजता कळणार होतं.

खरं तर दोन पानांचीही गरज नाही. बहिऱ्यांचा ग्रुप सुरू झाला, कारण माझ्या भावाला वर्षाचा बिल्ला दिला नाही. एक अख्खं वर्ष न पिता काढलेल्या माणसाला निव्वळ बहिरा म्हणून रिकाम्या हाताने घरी पाठवलं. ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे. नवा माणूस आला की त्याला आधी ही गोष्ट सांगतात, मग चहा देतात. आणि ती खोटी आहे. ती खोटी मी केली.

दादा जन्मापासून बहिरा. त्याचे हात घरात मला जितके कळत तितके आईलासुद्धा कळत नसत. तो बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होता आणि पगाराच्या दिवशी प्यायचा, मग बाकीच्या दिवशीही प्यायला लागला. मी त्याच्या बाटल्या लपवायचे. लपवलेली बाटली मोरीत ओतून द्यावी एवढी अक्कल मला होती, पण हात होत नसे. आधी घोटभर घेतली, नुसतं बघायला. मग त्याच्या पोटात जाण्यापेक्षा माझ्या गेलेली बरी, असं म्हणून घेतली. हे कारण मला फार आवडायचं. बहिणीच्या मायेपोटी मी पुष्कळ प्यायले.

मी कवळ्या बनवण्याच्या कामावर आहे. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचे काढतो, मेणात दात बसवतो. तिथं दिवसभर लवंगेच्या तेलाचा वास असतो, त्यामुळे माणसाच्या तोंडाला कसला वास येतोय हे कुणी विचारत नाही. प्लास्टरच्या गोणीमागे एक छोटी बाटली आरामात मावते.

दादाला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नेलं ते मीच. लायब्ररीच्या मागची लांबट खोली होती, घडीच्या खुर्च्या, एका बाजूला कललेलं टेबल. मास्तर तेव्हा साठीचे असतील. गणित शिकवत आणि बावीस वर्षं प्यायलेले नव्हते. एकेक जण उठायचा आणि म्हणायचा, मी अमुक, आणि मी बेवडा आहे. मग आठवड्याभराचं सांगायचा. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला नियम घालून दिला. "तो म्हणतो" असं म्हणायचं नाही. तो "मी" म्हणाला की तुम्हीही "मी"च म्हणायचं, त्याच्यासारखंच. त्यामुळे मी मांडीवर पर्स घेऊन, माझ्या या किनऱ्या आवाजात सांगायचे की मी बेवडा आहे, मी परवा प्यायलो, मी आईवर हात उगारला. पहिल्या दिवशी दोघंतिघं हसले. महिन्याभरात कुणाला काही वाटेनासं झालं. डोळे दादाकडे आणि कान माझ्याकडे ठेवायची सगळ्यांना सवय झाली.

त्या खोलीतून माणसं वेगळी होत जायची ही काही नवी गोष्ट नव्हती. सगळ्यात आधी डॉक्टर गेले. पेशंटच्या शेजारी बसून आपले हात कापतात हे सांगायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी रविवारी सकाळी कुणाच्या तरी दवाखान्यात दार लावून आपला ग्रुप काढला. त्यांना कुणी अडवलं नाही. मग बायका. बाई उठून "मी प्यायले" म्हणाली की पुरुषांच्या रांगेत आधी कुणीतरी खाकरायचं, आणि मीटिंग संपल्यावर तिघं जण तिला घरापर्यंत सोडायला तयार असायचे. वर चहा त्यांनीच करायचा, कप त्यांनीच विसळायचे. त्यांनी वेगळा ग्रुप मागितला तेव्हा मात्र दोन महिने चर्चा झाली. मास्तर म्हणाले, आज बायका, उद्या डावखुरे. तरी त्यांनी एका हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या खोलीत गुरुवारची मीटिंग सुरू केलीच, आणि आमच्याकडचा चहा पंधरा दिवस बंद पडला. त्यानंतर पंचविशीच्या आतली मुलं गेली. म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकून प्यावंसं वाटतं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

ही सगळी भांडणं मी दादाला हातांनी सांगितली आहेत. बायका गेल्या तेव्हा त्याने चेष्टेत विचारलं होतं, तू जाणार का? मी म्हटलं, मी कशाला? त्या खोलीत मी बेवडी नव्हतेच. मी फक्त तोंड होते, आणि तेही दुसऱ्याचं.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. दादाने पिणं खरंच सोडलं होतं. त्या दिवशी तो उठला आणि हातांनी एवढंच म्हणाला, आठवडा चांगला गेला, प्यायलो नाही, कारखान्यात नवं कटिंग मशीन आलंय आणि ते माझ्याकडे दिलंय. मी त्या दिवशी दुपारी गोणीमागची बाटली रिकामी केली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आज दुपारी मी प्यायलो. कामावर. सगळे जेवायला गेले होते. ठरवून प्यायलो, आणि पिताना मला बरं वाटलं."

मग टाळ्या वाजल्या, खऱ्या बोलण्याला तिथं वाजतात तशा. दादाला वाटलं टाळ्या मशीनसाठी आहेत. तो इतका खूश झाला की बसताना त्याने शेजाऱ्याशी हात मिळवला.

मी शरमेने मेले असं म्हणायला हवं. पण मला हलकं वाटलं. त्या रात्री मी प्यायले नाही, आणि पुढचे चार दिवसही नाही. पाचव्या दिवशी प्यायले, तर तेही पुढच्या मीटिंगला सांगून टाकलं. दादाचे हात दर आठवड्याला तीनचार वाक्यं बोलायचे आणि माझं तोंड पाच मिनिटं बोलायचं. कुणी विचारलंच, तर मी सांगायचे की हातांच्या भाषेत थोडक्यात पुष्कळ सांगता येतं. ऐकणाऱ्या माणसांना बहिऱ्यांच्या भाषेबद्दल काहीही सांगितलेलं पटतं.

वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. उठला आणि म्हणाला, आज एक वर्ष. बोट वर करून त्याने ते नीट दाखवलं. पण तीनच आठवड्यांपूर्वी मी त्याच्या नावावर एक बाटली प्यायले होते, अख्ख्या खोलीसमोर. आता वर्ष कुठून आणू? मी म्हणाले, "आजचा दिवस मला जड जातोय." मास्तर म्हणाले, येत राहा. दादा हात पुढे करून उभा होता. टेबलावर बिल्ल्यांचा डबा होता. मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला, थोपटला आणि सोडला.

घरी जाताना त्याने विचारलं. मी सांगितलं, बिल्ले संपलेत. पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर दुसऱ्या एकाला बिल्ला मिळाला. मग त्याने पुन्हा विचारलं, आणि तेव्हा मी जे सांगितलं ते आजही हातांवरून जात नाही. मी सांगितलं, "ते म्हणतात, तुला सगळं कळतं की नाही याची खात्री नाही."

दादाचं लिहिणं मोडकंतोडकं. त्याने कागदावर लिहून मास्तरांना जाब विचारला असता, पण त्या अक्षरावरून पुन्हा तेच म्हणतील याची त्याला लाज वाटली असावी. त्याने ते मनात ठेवलं आणि हळूहळू आपल्या माणसांना सांगितलं. टायरच्या दुकानातला एक, प्रेसमधले दोघं, आणि शिंपीणबाई. चार वर्षांत आमच्या खोलीत मागच्या दोन रांगा बहिऱ्यांच्या झाल्या. त्या सगळ्यांची दुभाषी मी. बाकीच्यांचं मी अक्षर न बदलता सांगायचे. खोटं फक्त दादाचं.

वेगळ्या ग्रुपची मागणी आली तेव्हा मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, बाटली कुणाचे कान तपासत नाही. मी ते हातांनी सांगितलं. मग दादा उठला आणि त्याने बिल्ल्याची गोष्ट सांगितली, अंगठा छातीवर आपटत, दोनदा. मी तोंडाने म्हणाले, "आम्हाला आमच्या भाषेत बोलायचंय, एवढंच." त्यानंतर शिंपीणबाई उठल्या. त्या म्हणाल्या, आमच्यातला जो तो बहीण नाहीतर बायको घेऊन इथं बसतो. ज्या बहिणीला छळलं तिच्याच तोंडून तो कसं सांगेल? बहिणीसमोर कोण खरं बोलेल? हे मी शब्दाला शब्द सांगितलं. आवाजही हलला नाही. मतदानात सगळे हात वर गेले.

त्यांचा ग्रुप मंगळवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरायला लागला. खुर्च्या गोल मांडायच्या, सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत. बोलावायचं असेल तर दिव्याचं बटण दाबायचं. पहिल्याच मंगळवारी दादाला त्याचे सगळे बिल्ले एकदम दिले. मी दारापर्यंत गेले होते. शिंपीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं, आता तुम्हाला सुट्टी. कृतज्ञतेने डोळे भरले होते त्यांचे. मला तेव्हा कुणीतरी तोंडात मारली असती तर परवडलं असतं.

तेव्हापासून दहा वर्षं मला बोलायला जागा नाही. गुरुवारच्या बायकांच्या दारात मी दोनदा जाऊन आले. आत जुन्या बायका होत्या, माझा आवाज ओळखणाऱ्या, दादाचा म्हणून. तिथं जाऊन मी "मी" म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तो कसा आहे आता? मी दोन्ही वेळा जिन्यावरूनच परतले. मी अजून पिते. रोज नाही. कवळ्या चांगल्या बनवते.

तर रविवारी काय होणार ते मला निरोप वाचतानाच दिसलं होतं. दादा उभा राहून बिल्ल्याची गोष्ट सांगणार. बाहेरची दुभाषी ती जशीच्या तशी मोठ्याने सांगणार. पहिल्या रांगेत मास्तर बसलेले असणार आणि ते ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार. ते उठून म्हणणार, अरे, पण तू तर दर आठवड्याला प्यायलो म्हणून सांगायचास. दुभाषीचे हात तेही सगळ्यांना सांगणार. ज्या माणसामुळे हा ग्रुप उभा राहिला तो त्या चाळीस जणांसमोर खोटारडा ठरणार, आणि त्याला काय झालं हेही कळणार नाही.

म्हणून आठ दिवस आधीच, शनिवारी सकाळी, मी दादाकडे गेले. तो एकटा राहतो. खिडकीपाशी टेबल, त्यावर चिकटवायची खळ आणि लोकांनी दुरुस्तीला दिलेली पुस्तकं. एका पुस्तकाच्या पाठीला फडकं चिकटवत होता. मी त्याच्या समोर बसले आणि सांगितलं. सुरुवातीला त्याने माझ्याकडे बोट केलं, अंगठ्याने बाटलीची खूण केली आणि हसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. सोळा वर्षं एवढी चांगली लपवली मी. मग मी पुढचं सांगितलं, गोणी, दुपार, त्याच्या हातांची तीन वाक्यं आणि माझी पाच मिनिटं. त्याचं हसणं कधी थांबलं ते मी पाहिलं नाही, कारण मी माझ्याच हातांकडे बघत होते.

त्याने टेबलावर टिचकी मारली, वर बघ म्हणून. मग एकच शब्द विचारला.

"मशीन?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याच्या कारखान्याचा मालकही दारू सोडलेलाच होता, आमच्याच मीटिंगचा, तिसऱ्या रांगेतला. मीटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाहीच. पण कामावर दुपारी प्यायलो असं कानांनी ऐकल्यावर तो त्या माणसाला पात्याखाली हात घालू देईल कसा? पुढच्याच महिन्यात त्याने दादाला कटिंगवरून काढून खळीच्या टेबलावर बसवलं. दादाने कारण विचारलं, तेव्हा त्याची समजूत घालायला मीच गेले होते. मी सांगितलं होतं, मशीनची घंटा तुला ऐकू येत नाही म्हणून. हे मी बिल्ल्याच्या पापात धरलंच नव्हतं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्याला मात्र ते रोज आठ तास, चौदा वर्षं आठवत होतं.

मी मान हलवली. हो.

तो बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला. मी म्हटलं, मी दोन पानांत सगळं खरं लिहिते. शिंपीणबाईंना आधी दाखवते. मास्तरांना जाऊन भेटते. तू फक्त त्या दिवशी ती गोष्ट सांगू नको.

"लिहू नको," तो म्हणाला. "मी बघतो."

काय बघणार, हे मी विचारलं. त्याने ब्रश उचलला आणि खळीत बुडवला.

रविवारी चित्रकलेच्या वर्गात कार्यक्रमासाठी रांगेत मांडलेल्या खुर्च्या कमी पडल्या. भिंतीवर मुलांनी काढलेल्या किटल्या आणि घोडे होते. दुभाषी पन्नाशीची, चष्म्याची दोरी गळ्यात, कामाला चोख बाई होती. मास्तर काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. मला पाहून त्यांनी मायेने मान डोलावली. पुस्तिका वाटल्या गेल्या. माझी पानं नव्हती. शिंपीणबाईंनी हाताने सांगितलं, दादाने तुमच्याऐवजी स्वतः बोलतो म्हटलंय.

दिव्याचं बटण दोनदा दाबलं गेलं आणि दादा उभा राहिला. मला खात्री होती की तो काहीतरी वेगळं सांगणार, मशीनचं, आईचं, कशाचंही. त्याने बोट वर केलं, एक वर्ष. दुभाषी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी एक वर्ष प्यायलो नव्हतो. मी बिल्ल्यासाठी हात पुढे केला. मला बिल्ला दिला नाही, कारण मी बहिरा होतो. त्यांना खात्री नव्हती की मला कळतं." सगळं जसंच्या तसं, दहा वर्षं सांगितल्यासारखं. फरक एवढाच की या वेळी ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. पंधरा वर्षं न प्यायलेला माणूस. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात की खोटं बोललास की पुढची पायरी बाटलीच. मी दादाला तिथं आणून उभं केलं होतं.

मास्तर काठीवर जोर देऊन उठले. "अरे, पण तू तर..." एवढं म्हणून ते थांबले. दुभाषीने हात वर केलेच होते, पुढच्या शब्दाची वाट बघत. मास्तरांनी दादाकडे पाहिलं, मग त्या बाईच्या तोंडाकडे, आणि मग मागे वळून खुर्च्यांमध्ये शोधत शोधत माझ्याकडे. गणिताचा माणूस. त्यांना उत्तर काढायला वेळ लागला नाही. मी उठायला हवं होतं. मी मांडीवर पर्स धरून बसून राहिले.

"माझ्याकडून चूक झाली," मास्तर म्हणाले. "माफ कर."

दुभाषीने ते हातांनी सांगितलं. चाळीस जणांनी दोन्ही हात वर करून हलवले, बहिऱ्यांच्या टाळ्या. शिंपीणबाई रडत होत्या. एक नवा माणूस, पहिल्यांदाच आलेला, दादाच्या गळ्यात पडला. इतक्या वर्षांत त्या लोकांपुढे कुणी ऐकणाऱ्याने चूक कबूल केली नव्हती, आणि जी केली ती न केलेली होती.

गर्दी चहाकडे सरकायला लागली तेव्हा मी दादाला गाठलं. मास्तर दाराशी पोचले होते, कुणाशी न बोलता. मी दादासमोर उभी राहिले आणि विचारलं, का?

"हे चाळीस आहेत," तो म्हणाला. "तू एक."

मी हात उचलले. मला सांगायचं होतं की मी आत्ता, इथंच, सगळ्यांना सांगते, बटण दाब, दिवा लाव. मला माफी मागायची होती, मशीनची आधी आणि मग बाकीची. पहिली खूण पुरी व्हायच्या आत दादाने डोळे मिटले. झोपेत मिटतात तसे नाही, घट्ट. हातांच्या भाषेत समोरच्याने डोळे मिटले की पुढे काही बोलता येत नाही. हाका मारून उपयोग नसतो, आणि हात धरून डोळे उघडायला लावले तरी माणूस बघतोच असं नाही. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी चहाकडे जात होते, त्याच्या खांद्यावर थोपटत होते, आणि तो डोळे मिटून उभा होता. मी बराच वेळ हात तसेच धरले.